पान्ह्याइतका उजेड

कागदावर सोपं होतं :
माणूस पाऊल टाकेल, फरशी उजळेल,
दोघं जवळ आले की मधला पट्टा केशरी होईल.
महापालिकेच्या बैठकीत मी हे तीनदा सांगितलं,
एकदा चहाच्या आधी, दोनदा नंतर.
'सेल्फी चांगला येईल ना?'
एवढं विचारून सही झाली.

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारनं चौकटी केल्या.
"नुसतं गुळगुळीत नको, पाय सरकंल," म्हणाला,
आणि बत्तीस चौकटींना हातानं खाचा पाडल्या.
प्रत्येक काचेखाली मी चार सेन्सर बसवले,
जुन्या चवलीएवढे.

अडलं ते आकड्यावर.
किती वजनाला उजेड द्यायचा?
वीस किलो धरले, तर दस्तगीरची नात
अंधारातच उड्या मारत राहिली
आणि माझ्याकडे बघत राहिली,
जसं मी तिला पंगतीतनं उठवलंय.
दहा धरले. कुत्री आली.
पाच केले, तर कुणाचं विसरलेलं पेंडीचं पोतं
रात्रभर एकटं झगमगत बसलं.

सातव्या दिवशी तिन्हीसांजेला
मल्लाप्पा गवळी म्हशी घेऊन गंगावेशीत आला.
कट्टा त्याचा, त्याच्या बापापासनं.
नकाशात मी तिथे लिहिलं होतं : मोकळी जागा.

चार म्हशी, सोळा खूर,
सगळा चौक एकदम पांढराफट्ट.
पेले धरून उभी गिऱ्हाईकं दचकली,
एका पैलवानानं डोळ्यांवर पंजा घेतला.
भोरी थांबली. कान मागे.
मल्लाप्पा उकिडवा बसला, सडांना पाणी लावलं,
कपाळ तिच्या कुशीला टेकवून काहीतरी पुटपुटला.
थेंब नाही.

"पान्हा चोरला," तो म्हणाला. रागावला नाही.
"एवढ्या लख्ख उजेडात कोण सोडंल, ताई?
तुमी सोडशीला?"

मी लॅपटॉप पायरीवर उघडला.
चाळीस टक्के. वीस.
"आजून."
आठ.
"आजून. आन् दमानं येऊ दे,
पाठीवर हात फिरवल्यावानी."
चढायला चार सेकंद दिले. मग सात. मग अकरा.
रंग कुठला, मी विचारलं.
त्यानं समोरच्या दुकानाकडे हनुवटी केली :
गुळाची ढेप. पिवळी नव्हे,
तिच्यामागची काळपट.
माझ्या यादीत त्या रंगाला नाव नव्हतं.
निळा शून्यावर नेला, हिरवा चाचपडत खाली,
लाल होता तिथेच ठेवला.

भोरीनं शेपूट एकदा उडवलं.
पेल्याच्या बुडाशी पहिली धार वाजली
तेव्हा तिच्या खुरांखाली
नुकतंच कुठे दिसायला लागलं होतं.

उद्घाटनाला साहेब फरशीवर उभे राहिले,
खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
"बिघाड आहे काय?"
नवव्या सेकंदाला ते हारासकट गाडीकडे निघाले.
फोटोत नुसता काळोख आणि दात.

कुत्रीही थांबत नाहीत.
पोतं थांबतं.
थांबू दे.

गर्दी पांगल्यावर दस्तगीरची नात
चपला काढून काचेवर आली. उडी मारली नाही.
तोंडातल्या तोंडात मोजत होती,
आठाच्या पुढे चुकली,
परत एकपासून धरलं.