तिसरं कोकरू

चार भोकांचा हब बिश्केकहून आला,
काळा, साबणाच्या वडीएवढा,
आणि मला वाटलं, झालं, आता वर्गात सगळंच मावेल.

लॅपटॉपला पोर्ट दोन. त्यातला एक
मागच्या हिवाळ्यात बेकसुलताननं किल्ली घालून मारलेला.
उरलेल्या एकात हब,
हबात सूक्ष्मदर्शक, हार्ड डिस्क, स्पीकर,
चौथ्यात माझा फोन, कारण त्यालाही भूक असते.

नुरझातनं नदीचं पाणी आणलं होतं बरणीत,
वरचा बर्फाचा पापुद्रा बोटानं फोडून.
एक थेंब काचेवर.
पडद्यावर हिरवट धुकं,
धुक्यात काहीतरी वळवळलं,
अठरा डोकी एकदम पुढे झुकली
आणि पडदा काळा.

टक्. टक्. टक्.
डिस्क आतल्या आत दात वाजवत होती,
रस्त्यावर बसची वाट बघणाऱ्या माणसासारखी.
उपकरण ओळखता आलं नाही, लॅपटॉप म्हणाला,
पाहुणा उंबऱ्यात उभा
आणि यजमानाला नावच आठवत नाही.

काढलं, लावलं, फुंकर मारली.
फुंकरीनं आजवर काही दुरुस्त झालेलं नाही,
पण अठरा जण बघत असताना
हात रिकामे कसे ठेवायचे?
फोन काढला. डिस्क फिरली, सूक्ष्मदर्शक मेला.
डिस्क काढली. सूक्ष्मदर्शक उठला,
पण पडद्यावर दाखवायचे जीव ओळखायचे कसे,
त्यांची चित्रं सगळी डिस्कवर.

मग फळ्यावर लिहिलं: पाचशे मिलीअँपियर.
एका पोर्टाचं देणं एवढंच.
हब तोंडं वाढवतो, घास वाढवत नाही.

अक्तान शेवटच्या बाकावरचा,
वर्षभरात चार वाक्यं बोललेला असेल.
तो उभा राहिला.
"एजे, आमच्या करड्या मेंढीला तीन झाली.
सड दोनच.
तिसऱ्याला बाकीची दोघं ढकलून देतात.
त्याला आई बाटलीनं पाजते."
आणि खाली बसला.

वर्ग हसला. मी नाही.
मी हब उलटा करून पाहिला.
कडेला, किमतीच्या चिठ्ठीखाली अर्धं झाकलेलं
एक गोल भोक होतं, मसुराच्या दाण्याएवढं.
बाटली लावायची जागा.

शाळेच्या अडगळीत अ‍ॅडॅप्टरांचा गुंता,
कुठल्या कुठल्या मेलेल्या यंत्रांच्या मागे राहिलेला.
पहिल्याचीच पिन बसली, अगदी चपखल.
भिंतीत खुपसणार, तेवढ्यात बारीक अक्षरं वाचली:
बारा व्होल्ट.
बसतं म्हणून चालतं असं नाही,
हे मी एका लग्नात शिकले आहे.

शेवटी पोस्टातल्या बुर्मागुलनं दिला,
बंद पडलेल्या वजनकाट्याचा.
पाच व्होल्ट, दोन अँपियर, मधे अधिक, भोवती उणे,
वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीनं बांधलेली.

सोमवारी सगळं एकदम लावलं.
डिस्क गप्प. म्हणजे गुणगुणत होती, पण दात वाजेनात.
थेंबात एक पारदर्शक जीव,
कडेला केसांची झालर, स्वतःभोवती गिरकी घेत
आमच्या नदीत राहत होता,
आम्ही रोज त्याला उकळून पीत होतो.
आयपेरी म्हणाली, ई.
मग म्हणाली, अजून एक थेंब.

अक्तान त्या दिवशी आला नव्हता,
मेंढ्या विण्याचे दिवस.
आठवड्यानं दिसला तेव्हा विचारलं, जगलं का ते?
"जगलं," म्हणाला, "पण आता
बाटली बघितली की धावतं. मेंढीकडे बघत नाही."

संध्याकाळी लॅपटॉप मिटते, शेगडी विझवते,
कुलूप लावताना काचेतून दिसतो
हबचा निळा दिवा,
चालूच.