खपली पडायचा दिवस

बिसानाचं पान हृदयाच्या आकाराचं असतं,
हे मी प्रबंधात लिहिलेलं नाही.
लिहिलंय: लवदार, लांब देठाचं,
गळण्याआधी नारिंगी होणारं;
जिम्माच्या वाटेवर, कॉफीच्या झुडपांवर
सावली धरणाऱ्या झाडावरून
हिदार महिन्यात, सकाळी खुडलेलं.
सोबत आयो झेनेबा.

ती पान तळहातावर चुरगळते, चीक सुटेतो.
नखभर लोणी घेते, जखमेवर दामटते,
आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटते.
मी वहीच्या कडेला लिहून ठेवलं:
लोणी किती ग्रॅम?
पुटपुटणं किती टक्के?

मला एकोणीस दिवस लागले.
सावलीत वाळवणं, कुटणं,
मिथेनॉलात भिजवून हलवत राहणं,
गाळणं, आटवणं.
तीन किलोंचा उरला ओंजळभर काळपट चिकटा.
लोकरीची चरबी, पॅराफिन, पांढरं मेण
वितळवून त्यात तो घोटला.
चार डब्या: अ, आ, इ, ई.
एकीत पाच टक्के, एकीत दहा,
एकीत दुकानातलं पिवळं मलम,
एकीत पान नाहीच,
नुसता मेणाचा गुळगुळीत दिलासा.
कुठलीत काय, ते देग्सेव सरांच्या खणात, कुलपात.

तोलेरा उंदीर धरतो
लांब मानेची जेबेना धरावी तसा, कॉफी ओतताना:
घट्ट, पण मानेला धक्का न लावता.
पाठ भादरायची. भूल. पेनानं वर्तुळ.
मग कात्रीनं ते वर्तुळ उचलून घ्यायचं.
पहिल्यांदा माझा हात अडला.
"येशी, गोल नीट येऊ दे," सर म्हणाले,
"वेडीवाकडी जखम मोजता येत नाही."

माझ्या आईच्या पोटरीवर भाजल्याचा डाग आहे,
ओढ्याकाठच्या चिखलासारखा पसरलेला.

रोज सकाळी लेप.
एकाआड एक दिवस पारदर्शक कागदावर कड गिरवायची,
मग आलेखाच्या चौकटी मोजत बसायचं.
तीनशे चौदा. दोनशे सत्तर. एकशे नव्वद.
इतकी शांत वजाबाकी मी कधी केली नव्हती.

नवव्या दिवशी, घरी, बुन भाजताना
तवा लागला मनगटाला.
दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं.
इ डबीत बोट बुडवलं.
(हे प्रबंधात नाही, आणि इथून पुढे कुठेच नाही.)
आठवड्यात कड आत सरकली, कातडी गुलाबी झाली.
मी तोलेराला मनगट दाखवत फिरले:
बघ, पान! बघ, आयोचं पान!

बाविसाव्या दिवशी सरांनी खण उघडला.
इ म्हणजे नुसतं मेण.

मी बोलून टाकलं. ते रागावले नाहीत.
"कातडी जुळायचीच," म्हणाले.
"आपण विचारतोय, किती लवकर."
दहा टक्केवाल्यांच्या खपल्या पंधराव्या दिवशी पडल्या होत्या,
मेणवाल्यांच्या एकोणिसाव्या.
चार दिवस.
चार दिवसांसाठी माणसं काय काय करतात.

आणि जखम आतून भरली का, हे बघायचं
तर ती पुन्हा कापावी लागते.
सगळ्यांचीच. भरलेल्यांची आधी.
तोलेरानं त्या दिवशी सुट्टी मांडली होती,
पण दुपारभर दाराबाहेरच बसून होता,
रिकामा पिंजरा मांडीवर घेऊन.
भिंगाखाली नवे तंतू दिसले, एका दिशेनं विणलेले.
मी लिहिलं: उत्तम.

डबी घेऊन आयोकडे गेले, सोबत किलोभर साखर.
तिनं बोटावर घेऊन हुंगलं.
"लोणी कुठाय?"
मग विचारलं, "बरे झाले का तुझे उंदीर?"
झाले, आयो.
"मग आता कुठे असतात?"

बाहेर बिसानाचं एक नारिंगी पान
खाली यायला फार वेळ घेत होतं.
मी मनगट पुढे केलं, दुसरं काही सुचेना म्हणून.
तिनं अंगठा फिरवला. ओठ हलले.
तशी ती जागा
कधीचीच भरली होती.