नऊ पॉइंट तीन एक

लंबकाच्या प्रयोगाला पंखे बंद ठेवावे लागतात.
एप्रिल. सोलापूर. दुपारचे अडीच.
खिडकीबाहेर कडुलिंबाचं पान हलत नाही,
आत वीस लंबक हलतायत,
आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच,
"काय ओ सर, पंखा लावला तर
पृथ्वी ओढायची थांबते काय?"

नाही थांबत, मल्लिनाथ.
पण आपल्याला तिचं एकटीचं ऐकायचंय,
वाऱ्याचं नको.

हे वाक्य पहिल्या वर्षी मला सुचलं होतं.
सव्वीस वर्षांनी ते घामासारखं
आपोआप येतं.

एफ. वाय.ची पोरं.
काही अक्कलकोटच्या एस.टी.नं येणारी,
काही पहाटेची पाळी करून,
कानात अजून मागाचा खडखडाट,
म्हणून मी जरा मोठ्यानंच बोलतो:
वीस दोलनं मोजा. शून्यापासून. एकपासून नाही.
फळ्यावर लिहितो, खाली दोन रेघा मारतो.
तरी अर्धा वर्ग एकपासून मोजतो.
हातात काही नसताना मोजायला सुरुवात करणं
माणसाला जड जात असावं.

साडेतीनला जर्नलं टेबलावर.
नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट आठ एक. नऊ पॉइंट आठ.
एकाचं तर नऊ पॉइंट आठ शून्य सहा सहा पाच!
स्टॉपवॉचचं बटण अडकतं,
मीटरपट्टीचा पहिला सेंटिमीटर झिजून गेलाय,
आणि तरी इतकी बिनचूक पृथ्वी
आमच्याच प्रयोगशाळेखाली.

मी सह्या करत जातो.
सही करणारा हात उत्तराकडे बघत नाही.

मग नागमणी येमूल.
नऊ पॉइंट तीन एक.
खाडाखोड नाही.

"चुकलंय हे."
"होय सर."
"मग?"
"तीनदा केलं. तीनदा एवढंच आलं."
शेजारची कुजबुजली, आठ लिही की गं, सुटशील.

लॅबमधला दोरा संपलेला, तिनं घरून सूत आणलं होतं.
ते चिमटीत चोळत म्हणाली,
"वीस नंबरचं आहे, सिंगल.
वजन लागलं की पीळ सुटतो, लांब होतं.
नान्ना म्हणतो, सिंगलच्या भरवशावर राहू नये.
मी मापलं तेव्हा गोळा बांधला नव्हता.
नंतर तो स्वतःभोवती हळूहळू फिरत होता सर,
मी बघत होते."

मी नव्हतो बघत.

मला ब्याण्णव साल आठवलं. हेच टेबल.
मी उत्तर आधी लिहिलं होतं
आणि तिथून मागं मागं येत सेकंद काढले होते.
दहापैकी साडेनऊ.
त्या साडेनऊवर पुढची पायरी,
पायरीवर पायरी, आणि वर ही खुर्ची.

"आता माप," म्हणालो. "गोळा लटकत असताना."
साडेतीन सेंटिमीटर जास्त भरलं.
तिनं जर्नलच्या मागच्या पानावर आकडेमोड केली,
ओठ हलत होते, तेलुगूत.
नऊ पॉइंट सात दोन.

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले.
तिनं मात्र आकड्याकडे असं पाहिलं
जसं दुकानदारानं सुट्टे कमी दिलेत.
"उरलेलं कुठं गेलं सर?"

मला माहीत होतं.
गोळ्याची त्रिज्या तिनं धरली नव्हती.
शब्द जिभेवर आलेच होते.
पण सव्वीस वर्षांत
उरलेलं मागायला कुणी आलं नव्हतं.

"शोध," म्हणालो.

तेवढ्यात तास संपला, मल्लिनाथनं पंखे लावले,
जर्नलांची पानं फडफडली, पोरांनी "हाऽऽ" केलं,
एकोणीस लंबक वेडेवाकडे झाले.
ती तशीच उभी, पाठ पंख्याकडे,
ओढणीचा आडोसा धरून,
मान वाकडी करून
गोळ्याकडे खालून बघत.