जेवलास का

कानाशी फोन, खांद्यानं दाबलेला,
मान वाकडी, रात्री उशीच नव्हती जशी.
हळदीची पोती लादलेला छोटा हत्ती
अंकली फाट्यावर मी शिट्टी मारून थांबवला.

"घरचा होता, मॅडम. पोरीला ताप आहे."
या फाट्यावर सगळ्यांच्याच पोरींना ताप असतो.
कुणाचा सासरा आयसीयूत,
कुणाचं नुसतंच, "हां हां, पोचलोच."
नंबर टाकला, फोटो काढला.
दंडाचा मेसेज त्याच्याच फोनवर वाजला.
पिवळ्या बोटांनी त्यानं तो उघडला
आणि हसला. मग मीही, जरा.

रात्री साडेनऊ. भाकरी ताटात,
बूट अजून पायातच.
अशफाक द्राक्षं घेऊन पुण्याकडे निघालेला.
फोन लावला, सवयीनं.
त्यानं उचलला, सवयीनं.
"जेवलास का?"
मागं हॉर्न, इंजिनाची घरघर,
आणि त्याचा आवाज तिरका,
खांद्यात अडकलेला.
"कुठं आहेस?"
"आत्ताच कासेगाव मागं पडलं."

चालवणाऱ्याचं कलम मला तोंडपाठ आहे.
लावणाऱ्याचं
शोधत बसले मनात, भाकरी गार होईपर्यंत.
फोन तेव्हाच कट केला होता,
एक शब्दही न बोलता.

पावणेबाराला त्याचाच आला.
"सुरूरला चहाला थांबलोय. रागावलीस?"
"गाडी बंद आहे?"
"बंद आहे."
"चावी?"
"अगं, हातात आहे."
मग कुठं मी बुटाची नाडी सोडली.
"हं. आता सांग,
जेवलास का."