दांडी

डुलुथच्या आमच्या गल्लीला उतार आहे,
सरोवराकडे निघाल्यासारखा.
गवत कापायचं तर आडवं, वरखाली नाही,
शेजारच्या ऑरविलने सांगितलं
माझ्या चपलांकडे बघत.

मी आत जाऊन बूट घालून आले.

"आधी यंत्राशिवाय चालून ये."
चालले. खिशात जमलं ते एवढं :
दोन खडे, तारेचा तुकडा, आणि रेवाने
हिवाळ्यात बर्फ उकरायला नेलेला चमचा.
पातं यातलं काहीही गोळीसारखं फेकतं, म्हणाला.
रेवाला घरात पाठवलं.
ती खिडकीला नाक लावून उभी राहिली.

पेट्रोल इंजिन गार असतानाच भरलं.
दांडी आवळली, दोरी ओढली,
तिसऱ्या हिसक्याला ते खेकसलं.

निम्म्यावर ओलं गवत तुंबलं.
एक हात दांडीवरच, दुसरा आपसूक खाली निघाला,
परातीला चिकटलेली कणीक खरवडायला
निघतो तसा.

ऑरविल ओरडला नाही.
कुंपणावरून डावा पंजा पुढे धरला फक्त :
अंगठा, करंगळी,
मधे एक बोट, बिननखाचं.

दांडी सोडली.
एक, दोन, तीन.
पातं थांबलं.
मग प्लगची वायर कशी उपटायची ते दाखवलं,
आणि हातात एक काटकी दिली.
पंजाबद्दल तो बोलला नाही, मी विचारलं नाही.

रात्री चमचा घासून रेवाला परत दिला.
तो बाजूला ठेवून
तिने माझी बोटं मोजली.
दहा भरली.
पुन्हा मोजली.