तिसरी प्रत

"सेट-टॉप बॉक्स व्होल्टेजनं जळला, त्याचं काही नाही,"
म्हणाल्या दोंदेबाई, आणि पिशवीतून डिस्क काढली.
टॉवेलात गुंडाळलेली. नाशिकरोडहून सिटी बसमध्ये
मांडीवर धरून आणलेली,
त्यात द्वारकेच्या सिग्नलला अर्धा तास.
"यात पंडित आहे. माझा धाकटा भाऊ.
रंगपंचमीचा, तिवंध्याच्या रहाडीतला.
केबलवर दाखवणार होते.
त्यानंच रेकॉर्डिंगला लावून ठेवलं न् गेला उडी मारायला."

कॉम्प्युटरला जोडली, तर नेहमीचाच प्रश्न:
ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?
इतक्या सभ्यपणे कुणी
घर पाडायची परवानगी मागत नाही.
"नाही" दाबलं.
बाई माझ्या बोटाकडे बघत होत्या.

आधी नक्कल. मग मूळ डिस्कला हात लावायचा नाही,
हा या धंद्यातला पहिला नियम.
रात्रभर एकेक सेक्टर उचलत राहिलो.
मधेच ती टकटक करायची,
मी पंखा जवळ ओढायचो, थांबायचो,
पुढून जमेना तेव्हा शेवटाकडून उलटं वाचत आलो.

सकाळी हाती आले एकशे ब्याण्णव तास,
बिननावाचे, बिनतारखेचे.
यादी बॉक्सच्या पोटात होती आणि बॉक्स भंगारात.
नशीब, केबलवाल्यानं कुलूप घातलं नव्हतं.
मग रंगावरून शोधलं. तिवंध्याचा रंग पिवळा.
सापडलं पिवळं:
मालिकेतली हळद, क्रिकेटची जर्सी, तूरडाळीची जाहिरात,
पुन्हा हळद, दुसऱ्या मालिकेतली,
सासू तीच.
मग पिवळं पाणी.

काठावर बनियनमधला माणूस, कमरेवर हात.
खाली पट्टी: पंडित धोंदे, धप्पा मारताना.
"धोंदे!" बाई खुर्चीतून उठल्या.
"ध चा मा झाला तो पेशव्यांच्या वेळी.
इथं द चा ध कुणी केला?
आमच्या प्रेसमध्ये अख्खं बंडल परत आलं असतं."
एकतीस वर्षं नोटा तपासल्या होत्या त्यांनी.

त्यानं उडी घेतली
आणि चित्र अडकलं. खराब सेक्टर.
अकरा सेकंद पंडित दोंदे
पाण्याच्या वर, गुडघे पोटाशी.
आवाज मात्र थांबला नाही. धप्प. शिट्ट्या. हलगी.
कुणीतरी ओरडलं, "अरे, माझा चष्मा!"
मग एकदम पिवळा माणूस, कान झटकणारा.

"मधलं?"
"मधलं वाचता येत नाही, बाई."
"ओरडला तो पंडितच," त्या म्हणाल्या.
"चष्मा काही मिळाला नाही.
नवीन येईपर्यंत चार दिवस
मी त्याला पेपर वाचून दाखवला. बाजारभावासकट."

मी म्हटलं, आता तीन प्रती करू.
त्या गप्प झाल्या.
जिथं एका नंबराची दुसरी नोट म्हणजे पोलीस,
तिथून निवृत्त झालेल्या बाईला मी सांगत होतो:
एक नव्या डिस्कवर, एक पेनड्राइव्हवर,
आणि एक दुसऱ्या घरी.
आग आहे, चोरी आहे, सांगता येत नाही.

"दुसरं घर?"
खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
"आमचं एकच होतं. दोघांत."
थोड्या वेळानं म्हणाल्या,
"तिसरी तुमच्याकडेच राहू द्या."

पाकिटावर नाव घातलं मी, पडद्यावरचं बघून.
त्यांनी पेन मागितलं,
ध चा द केला,
बाजूला सही केली, बारीक, तपासनिसाची,
आणि पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं,
सवयीनं.
मग ड्रॉवर उघडायला लावला, ठेवताना बघितलं.

पैसे त्यांनी मोजून दिले.
मी मोजले नाहीत.