वरची रेघ

ओडन्सेच्या पेन्शन-कचेरीत तिसऱ्या मजल्यावर
मला रागन्हिल्ड टॉफ्टगोरचं टेबल मिळालं.
खणात एक सुटा टंकगोळा, लिंबाएवढा,
अंगभर उलटी चिन्हं, खाचांत शाई वाळलेली.

काम सोपं आहे, साहेब म्हणाले.
तिचे जुने प्रोग्राम साध्या कळफलकात बसवायचे,
खुणेच्या जागी शब्द.
'उलटव.' 'आडव्याचं उभं कर.' 'चढत्या क्रमानं लाव.'
तिच्या दीड ओळीची माझी चार पानं झाली,
चुकीला लपायला चार पानं.

चाळिसाव्या ओळीत नुसता दिवा: ⍝
(दिव्यापुढचं माणसानं वाचायचं,
मशीन तिथून परत फिरतं)
आणि दिव्यापुढे ३११.
कशाचे, ते नाही.

ती आता केर्टेमिनेला असते, खाडीकाठी.
फोनवर म्हणाली, "उजवीकडून वाच.
विणकाम उसवतात ना, शेवटच्या टाक्यापासून, तसं.
आणि उलटवायला शब्द कशाला?
वर्तुळ काढायचं, एक घर मागं यायचं,
त्याच जागी उभा दंड ठोकायचा. दिसतोच की आरसा."

मी वरच्या रेघेचं विचारलं.
आकड्याच्या डोक्यापाशी ती आखूड रेघ,
आणि ओळीच्या मध्यावर दुसरी, वजाबाकीची.
सगळं जग एकीवर भागवतं, मी म्हणालो.

बराच वेळ नुसता वारा.
"मधली म्हणजे कुणीतरी काढून घेतंय.
वरची म्हणजे आकडाच ऋण. कुणी काही घेतलं नाही.
एकाहत्तर साली आमच्याकडे दुसरी भाषा होती,
तिच्यात रेघ एकच.
रेघ आकड्याची की वजाबाकीची,
मशीननं आपल्या मनानं ठरवलं, मी तपासलं नाही.
विधवांचा तक्ता होता.
चार महिने पैसे कमी गेले."

किती जणींना, ते मी विचारलं नाही.

साहेबांना चार पानं हवी होती, ती दिली.
वरची रेघ तेवढी ठेवली, भांडून.
दिवा कळफलकावर नव्हता,
जुन्या फाइलीतून उचलून चिकटवला.
छापून आलं तर त्या जागी रिकामी चौकट,
यंत्राला अक्षर ओळखू आलं नाही की येते तशी,
आणि पुढे ३११.

पुसणार होतो.
मग आठवलं, तिच्या भाषेत चौकटसुद्धा चिन्ह आहे:
आत आहे ते बाहेर दाखव.